गाळा भाड्यानं देऊ नका

पुणे,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

ती. बाबा आणि सौ. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन सोडून पत्र पाठवलं म्हणून घाबरू नका, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर बाबा "बरं बरं, आईशी बोल" म्हणतात आणि आई, तू भाजी काय केलीस विचारतेस. त्यात मुद्द्याचं राहून जातं. गणपतीत घरी आले तेव्हाच सांगणार होते, पण आत्या होती. आत्यासमोर बोललेलं संध्याकाळपर्यंत गारगोटीला पोचतं.

तर सांगते. मी नोकरी सोडली. राजीनामा दिला, मंजूर झाला, दसऱ्यापर्यंत जायचं आणि मग बंद. आई, आधी खाली बस. बाबांना तूच वाचून दाखव, इतकं बारीक अक्षर त्यांनी अजून वाचायचं नाही.

मला कुणी काढलेलं नाही. कुणाशी भांडणही नाही. आणि विजूमामासारखं तर अजिबात नाही, तेव्हा त्याचं नाव लगेच काढू नका. मला मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करायची आहेत. गोष्ट माझी, चित्रं माझी. पहिलं एका प्रकाशकानं घेतलंय, थोडे पैसे आगाऊही दिलेत. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर रोज उभी राहणारी एक म्हैस आहे, तिला एके दिवशी पाडव्याच्या म्हशींसारखं सजून पळावंसं वाटतं, अशी गोष्ट. पुण्यातल्या पोरांना कट्टा म्हणजे काय हे सांगावं लागतं. समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात, यावर निम्म्यांचा विश्वासच बसत नाही. बाबा, तुम्ही मला खांद्यावर बसवून तिथं न्यायचात आणि माझ्या मिशा सदऱ्याच्या बाहीनं पुसायचात. ते चित्र पुस्तकात आहे. तुमचा चेहरा काढलेला नाही, नुसती बाही काढली आहे. पांढऱ्यावर निळा डाग असलेली.

आता पैशांचं, म्हणजे आईला झोप लागेल. पाच तारखेला तुझ्या खात्यात येतात ते तसेच येत राहतील, एक रुपया कमी होणार नाही. मेडिक्लेमचा हप्ता भरून टाकलाय. जावयांची नोकरी चालू आहे, घराचा हप्ता त्यांच्या पगारातून जातो. माझा पीएफ मी मोडणार नाही. शिवाय दोन कंपन्यांची डिझाइनची कामं घरून करणार आहे. भांडीवाल्या मावशींना कमी करायचा विचारही मनात आणू नकोस. तुझा गुडघा आणि मोरीची फरशी यांचं जमत नाही, हे आपण मागच्या पावसाळ्यात बघितलंय.

बाबा, आता तुमच्याशी. तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. फ्लेक्सचं मशीन गावात आलं त्या दिवाळीला आपल्याकडे एकही बोर्ड नव्हता. रात्रीत छापून मिळतं, फुटावर दर, वर मालकाचा फोटो. मग पेंटर कशाला हवा? तेव्हा तुम्ही म्हणालात, "कॉम्प्युटर शीक. या ब्रशानं पोट भरायचे दिवस गेले." मी शिकले. त्याच कॉम्प्युटरवर इतकी वर्षं जेवले, नाही म्हणत नाही. तुमचं तेव्हा बरोबरच होतं. पण शाळेतून आल्यावर गाळ्यात पोत्यावर बसून मी दुसरंही काही शिकत होते. ते शिकवायचा तुमचा विचार नव्हता, तरी शिकवलंतच.

बोर्डाला आधी रेड ऑक्साइडचा हात, मग पॉलिश पेपर, मग जमिनीचा रंग, परत पॉलिश पेपर. अक्षराला ब्रश लागायच्या आधी दोन-तीन दिवस जायचे. गिऱ्हाईक डोकावून म्हणायचं, "पेंटर, अजून काहीच न्हाई की!" तुम्ही पत्र्यावरून तळवा फिरवत म्हणायचात, "निम्मं झालं." ते तेव्हा मला गिऱ्हाइकाला कटवायचं बोलणं वाटायचं. आता म्हशीच्या पुस्तकासाठी मी पहाटे कट्ट्यावर जाऊन नुसती उभी राहिले, वासरांची, कासंड्यांची, चपलांची टिपणं काढली. एकही पान झालं नव्हतं आणि प्रकाशकांचा फोन आला, कुठवर आलंय? मी म्हटलं, निम्मं झालं. खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही.

तो स्वीट मार्टचा बोर्ड आठवतो? राजारामपुरीचा. रफाराचा ओघळ खाली आला आणि मी फडकं घेऊन धावले. तुम्ही माझं मनगट धरलंत. ओला असेल तर टर्पेंटाइननं लगेच पुसायचा, पुरता वाळला असेल तर वरून दुसरा हात मारायचा, पण अर्धवट वाळलेल्याला शिवायचं नाही, सगळा बोर्ड माखतो. आपण बाहेर जाऊन चहा प्यालो, तुम्ही मला खारी दिलीत आणि ओघळ तिथंच वाळत राहिला. लिहिण्याबद्दल मी पुष्कळ ऐकलं, पैसे भरून एक शिबिरही केलं (आई, ते तुला सांगितलं नव्हतं), पण याच्याइतकं उपयोगाचं मला कुणी सांगितलेलं नाही. गोष्ट लिहिताना शब्द चुकला तर मी तिथल्या तिथं खोडते. पण खर्डा पुरा झाला की दुसऱ्या दिवशी हात शिवशिवतात, इकडचं तिकडे करावंसं वाटतं, आणि तेव्हा केलेलं सगळं चिखल होतं. म्हणून तो कपाटात, तुझ्या जुन्या साडीखाली ठेवते, आई. पुरता वाळला की काढते. दुसरा हात कुठं मारायचा ते तेव्हा आपोआप दिसतं.

आणि "लांबनं बघ". रस्ता ओलांडून समोरच्या फूटपाथवर जायचं, डोळे बारीक करायचे आणि अक्षर न वाचता मधली मोकळी जागा बघायची. मला कंटाळा यायचा, तुम्ही मात्र एसटी आडवी आली तर ती जाईपर्यंत तिथंच थांबायचात. आता मी चित्रं भिंतीला चिकटवते आणि स्वयंपाकघराच्या दारातून बघते. म्हशीच्या पापण्या मी जीव ओतून काढल्या होत्या, जवळून एकेक केस मोजून घ्यावा अशा. दारातून बघितल्या तर म्हैस गायब, नुसत्या पापण्या. ते पान फाडलं. तुमची नात रडली, तिला पापण्या आवडल्या होत्या.

जुलैत एनॅमल वाळायचं नाही. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे आकडे शुक्रवार पेठेतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. तसल्या पावसात बोर्ड घेण्यात अर्थ नसायचा. पण गाळ्याचं कुलूप सकाळी नऊला उघडायचंच. तुम्ही स्टेन्सिल कापायचात, डबे चाळायचात, पाटीवर खडूनं अ ते ज्ञ घोटायचात, वीस वर्षं पेंटर असलेला माणूस! मला चित्र सुचत नाही तेव्हा मी आता तेच करते. पेन्सिली टोकरते, म्हशीचे खूर घोटते. टेबल सोडत नाही. आणि रात्री जेवायच्या आधी ब्रश धुते, कितीही उशीर झाला तरी. आई ओरडायची, ताट वाढलंय, आणि तुम्ही नळाखाली शेवटचा ब्रश बोटांनी सरळ करत असायचात. मला ते हट्ट वाटायचं. सकाळी स्वच्छ ब्रश समोर असला की काम सुरू करायला मन वळवावं लागत नाही, हे मी कमवायला लागल्यावर कळलं.

तुम्हीच सांगायचात ना, बाबूराव पेंटरांचं आडनाव खरं मेस्त्री. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारा माणूस. सिनेमाच्या परदेशी कॅमेऱ्यावाचून अडून न बसता त्यांनी आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी तो स्वतःच घडवायला घेतला, १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी १९१८ ला पुरा केला. मी काही कॅमेरा करायला निघालेली नाही. पण या गोष्टीत तुम्ही नेहमी कॅमेऱ्यावर थांबायचात, मला पडदे आठवतात. आधी पडदे रंगवले, त्यावर घर चाललं. माझी ती दोन कंपन्यांची कामं म्हणजे माझे पडदे. म्हणून सांगते, काळजी करू नका. अंगात कला आहे की नाही ते मला माहीत नाही, पण काम कसं करायचं ते घरातून आलंय.

आई, तू आता म्हणशील, सगळं बाबांचंच? ऐक. चैत्रात मसाला करतेस तेव्हा ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, आणि बाकीचं एकेक वेगळं भाजायचं. मी एकदा सगळं एकाच कढईत ओतायला निघाले होते तर तू उलथनं दाखवलंस. खसखस जळेल आणि धने कच्चे राहतील. मी पुस्तकाची गोष्ट आणि चित्रं एकदम करत होते आणि दोन्ही तशीच होत होती, एक करपलेलं, एक कच्चं. आता वेगळं भाजते.

पण तुझी त्याहून मोठी गोष्ट वेगळी. डंकावरून मसाला आला की तू शेजारी वाटी-वाटी द्यायचीस, आणि कसा झालाय असं कधीच विचारायचं नाहीस. त्यावर सगळे छानच म्हणतात. दुसऱ्या दिवशी विचारायचीस, "रात्री पाणी प्यायला उठलासा काय?" मी तुझ्या नातीच्या मैत्रिणींना गोष्ट वाचून दाखवते तेव्हा आवडली का विचारत नाही. दोन दिवसांनी विचारते, म्हैस शेवटी कुठं गेली? एकीनं माझ्या शेवटापेक्षा बरा शेवट सांगितला. तो घेतलाय.

आता मागणं. बाबा, गाळा दसऱ्यापासून मोबाइलवाल्याला द्यायचं तुम्ही बोलून ठेवलंय, दादानं सांगितलं. तो देऊ नका. मला हवा आहे. महिन्यातले आठ-दहा दिवस मी तिथं बसून काम करणार. प्रभात फिल्म कंपनीवाले १९३३ ला कोल्हापूर सोडून पुण्याला आले, आपण उलटं करू. मोबाइलवाला जे भाडं देणार होता तेवढंच मी देईन, आणि "लेकीकडून भाडं कसं घ्यायचं" हे ऐकून घेणार नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून जेवणाचंही मी बघेन, पण आई, ते तुला पटणार नाही हे कळतंय, तेव्हा एक वेळ तू कर, एक वेळ मी. पांढरा रस्सा मात्र तूच करायचा, माझा दरवेळी फुटतो.

कदाचित तुम्हाला वाटेल, आपण बंद केलेलं दार ही उघडते आहे. मी तुमच्या जागी बसायला येत नाही, बाबा. पोतं अजून असेल तर पोत्यावर बसेन. तुम्हाला वाटलं तर या, नाही वाटलं तर वर पेपर वाचत बसा, मी आग्रह करणार नाही. मुखपृष्ठावरचं नाव कॉम्प्युटरवरच्या फॉण्टात घालायला मन होत नाही, एवढंच सांगून ठेवते. घाई नाही. डोळा पुरता बरा होऊ दे.

डोळ्यावरून आठवलं. थेंब सांगितलेत तितक्या वेळा घालायचे, "आज बरं वाटतंय" म्हणून एकही चुकवायचा नाही. काळा चष्मा लावून बाहेर पडायचं, लोक हसले तर हसू देत. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. वाकून बादली उचलायची नाही. माळ्यावर तर अजिबात चढायचं नाही, ब्रशांची पेटी मी आल्यावर काढू. २०१९ च्या पुरात सगळे बोर्ड सोडून ती एक पेटी तुम्ही डोक्यावर घेतलीत आणि मी फोनवर तुमच्यावर किती चिडले. ती सुखरूप आहे तेवढं बास. बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, टीव्ही लावायच्या आधी. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्या रात्री गोळी न घेता पहाटेपर्यंत बातम्या बघत बसलात, आणि मग दादाला तुम्हाला घेऊन दवाखान्यात पळावं लागलं. शाहू महाराजांनी १९१५ ला बांधलेलं, तुम्ही तिथं किती नाटकांचे फलक रंगवले, वाईट वाटणारच. तरी गोळी घ्यायची.

आई, तू गुडघ्याचा पट्टा फक्त डॉक्टरांकडे जाताना लावतेस, ते मला कळलंय. रोज लाव. अंबाबाईला शुक्रवारी जाणार असशील तर रिक्षानं जा, महाद्वार रोडवरून गर्दीत चालत नको. नवरात्रात तर मुळीच नको, मी येते तेव्हा पहाटे जाऊ.

दादाला सगळं माहीत आहे, त्याच्यावर रागावू नका, मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं. मोबाइलवाल्याला बाबांना नाही म्हणायला अवघड जात असेल तर दादा बोलेल. आगाऊ रक्कम घेतली असेल तर परत करा, तेवढे मी आजच पाठवते.

तुमची,
धाकटी

ता. क. मसाला संपत आलाय. डबा मीच घेऊन येईन, कुरियर करू नका, मागच्या वेळी अख्खी पिशवी लाल झाली होती. आणि गाळ्याच्या पत्र्याला कोपऱ्यात गळतंय का ते दादाला बघायला सांगा. दादाला, बाबांना नाही.