दोन टर्बो लावले म्हणून लॅग निम्मा होत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला ट्विन टर्बोवरचा, म्हणजे एक्झॉस्टच्या (इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या धुराच्या) जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा भरणाऱ्या दोन टर्बोंवरचा, लेख दोनदा वाचला. मराठीत या विषयावर कुणी लिहिलं याचा आनंद झाला. पण ‘एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान बसवले की लॅग निम्म्यावर येतो’ हे त्यातलं वाक्य मनाला लागलं. लॅग म्हणजे पाय दाबल्यापासून जोर येईपर्यंतचा उशीर. याच समजुतीवर विसंबून मी एकदा सहा महिने खर्ची घातले आहेत. आता हा लेख वाचून इंजिनिअरिंगची मुलं तेच प्रोजेक्टला घेतील, म्हणून लिहितो आहे.

मी 26 वर्षं इंजिनच्या टेस्ट बेडवर काम केलं. स्वतःच्या हौसेसाठी तीन लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत असलेलं एक पेट्रोल इंजिन बांधलं होतं. त्यावर एकच मोठा टर्बो होता. 3000 आरपीएमला थ्रॉटल पूर्ण उघडला की एक बार बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) यायला 1.9 सेकंद लागायचे. ऐकायला हे थोडं वाटतं, पण ओव्हरटेक करताना पाय दाबून तेवढा वेळ थांबून बघा. मी पुढच्या तीन सिलिंडरना एक आणि मागच्या तीनना एक असे दोन लहान टर्बो लावले. वेळ निघाला 1.6 सेकंद. मला निम्म्याची आशा होती.

चूक कुठे झाली ते नंतर कागदावर मांडल्यावर कळलं. हवा निम्मी वाहायची तर टर्बोच्या चाकाचा व्यास साधारण 0.7 पट होतो. चाकाचं जडत्व व्यासाच्या पाचव्या घातानं बदलतं, म्हणून ते एक-पंचमांशाच्याही खाली येतं. लेखकानं इथेच हिशेब सोडला. पण लहान चाकाला तेवढाच दाब द्यायचा तर ते 1.4 पट जोरात फिरायला हवं. म्हणजे एकेका टर्बोत भरावी लागणारी ऊर्जा मोठ्याच्या 35 टक्के आणि दोन्हींची मिळून 70 टक्के. बचत 30 टक्क्यांची, तीही कागदावर. लहान चाक आणि त्याचं घर यांतली फट त्या प्रमाणात लहान होत नाही, बेअरिंग दुप्पट होतात, त्यात काही बचत निघून जाते.

उरलेली तफावत मला एका संध्याकाळी सापडली. मागच्या मॅनिफोल्डच्या (सिलिंडरचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीच्या) वेल्डला, पाचव्या आणि सहाव्या नळीच्या बेचक्यात, केसाएवढी काळी रेघ होती. बोटानं पुसली तर काजळी निघाली. गरम झालं की तडा उघडायचा आणि टर्बाइनपर्यंत पोचायच्या आधीच एक्झॉस्टचा जोर तिथून निसटायचा. थंड इंजिनवर तो दिसतही नव्हता. तो भरून काढला, मॅनिफोल्डला आधार दिला, म्हणजे टर्बोचं वजन वेल्डवर लोंबकळणार नाही, आणि वेळ 1.4 सेकंदांवर आला. टर्बो नवे घेण्याआधी हा तडा शोधायला हवा होता, असं आजही वाटतं.

लेखात दुसरा घोटाळा आहे आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. ‘खालच्या आरपीएमला गाडी उचलत नाही’ आणि ‘पाय दाबल्यावर उशिरा उचलते’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत एक्झॉस्टच पुरेसा नसतो. तिथे कितीही थांबलात तरी बूस्ट येणार नाही. दुसरीत एक्झॉस्ट आहे, चाकाला वेग घ्यायला वेळ लागतो. लॅग म्हणतात तो हा दुसरा. समांतर जोडलेले, म्हणजे माझ्यासारखे सिलिंडर वाटून घेतलेले, दोन टर्बो पहिल्या तक्रारीवर जवळपास काहीच करत नाहीत, कारण प्रत्येक टर्बो निम्म्या मापाचा असला तरी त्याला एक्झॉस्टही निम्माच मिळतो.

दोन्ही तक्रारींवर एकदम इलाज करते ती सिक्वेन्शियल, म्हणजे टर्बो एकामागून एक कामाला लावणारी, मांडणी. 1986 च्या पोर्शे 959 मध्ये ती होती, नंतर माझदा आरएक्स-7 मध्ये आणि 1993 च्या टोयोटा सुप्रात. लेखात ‘एक लहान, एक मोठा’ असं म्हटलंय, ते इथे लागू नाही. 959 मध्ये दोन्ही टर्बो एकाच मापाचे होते. खाली अख्खा एक्झॉस्ट एकट्या पहिल्या टर्बोला मिळतो, दुसरा झोपलेला असतो. एक लहान, एक मोठा ही दोन टप्प्यांची पद्धत झाली. 2004 च्या बीएमडब्ल्यू 535डी या डिझेल गाडीत ती आहे.

सिक्वेन्शियलची सगळी परीक्षा दुसरा टर्बो जागा होतो त्या क्षणी असते. त्याला आधी थोडा एक्झॉस्ट देऊन फिरता ठेवावा लागतो. त्याचा दाब पहिल्याच्या बरोबरीला येईपर्यंत मधला चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) बंद राहायला हवा, नाहीतर पहिल्यानं भरलेली हवा दुसऱ्यातून उलटी निघून जाते. आरएक्स-7 वाले ‘10-8-10’ म्हणतात ते यावरूनच: 10 पीएसआय (दाबाचं एकक), 4500 आरपीएमच्या आसपास क्षणभर 8, मग पुन्हा 10. हे सगळं रबरी व्हॅक्यूम नळ्यांच्या गुंत्यावर चालतं. गरमीनं एक नळी कडक होऊन चिरली तरी गाडी अडखळते, आणि ती कुठली हे शोधताना अख्खा दिवस जातो. एक्झॉस्टमधला फ्लॅप तर 900 अंशांच्या आसपासच्या धुरात उघडझाप करतो. कॉलेजच्या प्रोजेक्टला हे झेपणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलांना मी ट्विन-स्क्रोल घरातला, म्हणजे एक्झॉस्टला आत यायला दोन वेगळ्या वाटा असलेला, एकच टर्बो सुचवेन. सहा सिलिंडर पेटण्याच्या 1-5-3-6-2-4 या क्रमात पुढचे तीन आणि मागचे तीन वेगळे केले की प्रत्येक गटात क्रँक फिरण्याच्या दर 240 अंशांना एक धक्का येतो आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. माझ्या दोन टर्बोंना जो फायदा मिळाला त्यातला बराचसा या वेगळेपणाचा होता. बीएमडब्ल्यूचं 2006 चं 335आयमधलं इंजिन दोन टर्बोंचं, 306 अश्वशक्तीचं. 2009 मध्ये त्याच्या जागी आलेलं इंजिनही 306 चंच, पण त्यावर ट्विन-स्क्रोल टर्बो एकच.

तरीही कुणाला दोनच लावायचे असतील तर तेलाच्या परतीच्या नळीकडे आधी बघा. ती जाड हवी, उतरती हवी आणि संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी. दुसरा टर्बो जागेअभावी खाली बसवला जातो, तेल तुंबतं आणि सीलमधून निळा धूर येतो. माझ्याकडून हेही झालं आहे.

एक विनंती. पुढच्या लेखात अश्वशक्ती आणि आरपीएमचा आलेख छापू नका, त्यात लॅग दिसतच नाही. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर बूस्ट असा आलेख छापा, आणि थ्रॉटल कितव्या आरपीएमला उघडला ते त्याखाली लिहा.

आपला,
एक निवृत्त टेस्ट बेड तंत्रज्ञ