कितव्या राउंडला अडकलं?

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा हातात पडलं आणि तेव्हापासून मॅचमधली चार सेकंदांत पाच शॉटची ती सिरीज माझ्या डोक्यातून जात नाहीये. तीन शॉट गेले, चौथ्याला ट्रिगर ओढलास तर नुसता ‘टक्’ आवाज. आणि तू डाव्या हाताने बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा तो मागचा सरकता भाग, मागे ओढलास. तिथेच घात झाला. पिस्तूल तसंच टार्गेटकडे रोखून मोकळा हात वर केला असतास, तर रेंज ऑफिसरने येऊन तपासलं असतं आणि बहुतेक ‘अलाउएबल मालफंक्शन’, म्हणजे पिस्तुलाचा मान्य बिघाड, मिळालं असतं. तीस शॉटच्या एका टप्प्यात तशी मागणी एकदा करता येते. पण आपला हात बोल्टला लागला की हक्क संपला. उरलेले दोन्ही शॉट शून्य, म्हणजे वीस गुण गेले. त्या क्षणी हात आपोआप जातो, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्याबद्दल आणखी काही बोलत नाही. सरावात मुद्दाम मधे एखादा डमी राउंड, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस, भरून हात वर करायची सवय लावून घे, एवढंच.

आता तू पिस्तूल विकायचं म्हणतोयस. कृपा करून थांब. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ते लिहिताना तुझ्याही लक्षात आलं नसेल: ‘बोल्ट ओढला तेव्हा चेंबरमधून काहीच बाहेर पडलं नाही.’ म्हणजे चेंबर, बॅरलच्या मागची राउंड बसायची जागा, रिकामं होतं. बोल्ट मागे जाऊन पुढे आला, पण चौथा राउंड त्याच्या वाटेत वर आलेलाच नव्हता. तो मॅगझिनमध्ये, राउंड रचायच्या त्या डबीत, खालीच राहिला आणि बोल्ट त्याच्या डोक्यावरून निघून गेला. राउंड मुका निघाला असता तर फायरिंग पिनच्या खुणेसह बाहेर पडला असता. एका वाक्यात केवढं कळलं बघ.

दुसरी गोष्ट, चौथा राउंड. जॅम झालं की आपण ‘काय झालं’ विचारतो, ‘कितव्या राउंडला झालं’ हे कुणीच विचारत नाही. मॅगझिन भरलेलं असतं तेव्हा स्प्रिंग पूर्ण दाबलेली असते, तिचा जोर सगळ्यात जास्त असतो. राउंड कमी होत जातात तशी ती सैल होते. म्हणून पहिल्या-दुसऱ्या राउंडला अडकलं तर मला घर्षणाचा किंवा रिममध्ये रिम, म्हणजे राउंडच्या बुडाच्या कडा एकमेकींत, अडकल्याचा संशय येतो, आणि चौथ्या-पाचव्याला अडकलं तर स्प्रिंगचा किंवा घाणीचा. तुझं चौथ्याला झालं. आणि पत्रातच लिहिलंयस की मॅगझिन कधी खोललेलं नाही!

अरे, आपला .22 लाँग रायफल राउंड 1887 सालचा आहे. स्वयंचलित पिस्तूल तेव्हा बाजारात आलेलं नव्हतं. त्याच्या बुडाशी ती बाहेर आलेली रिम आहे, गोळी उघड्या मऊ शिशाची आणि तिच्यावर मेणाचा थर. रायफलीत हातानं एकेक भरायला यातलं काहीच आड येत नाही. पण आपण पाच राउंड एकावर एक रचतो आणि चार सेकंदांत ते पाचही निघावेत अशी अपेक्षा धरतो. मेण, शिशाचा चुरा आणि बारुदाची काजळी मिळून मॅगझिनच्या आत एक काळपट चिकटा धरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. बोल्टच्या मागे-पुढे होण्यात क्षणाचाही अवकाश नसतो, तेवढ्यात स्प्रिंगने पुढचा राउंड वर ढकलायचा असतो. फॉलोअर, म्हणजे स्प्रिंगवरची राउंड वर ढकलणारी पट्टी, त्या चिकट्यात किंचित जरी अडखळला तरी सगळं संपलं.

तेव्हा पहिलं काम हे. तळाची पट्टी काढ, स्प्रिंगला बोट लावून जपून बाहेर घे, ती उसळून डोळ्याला लागते. कोणती बाजू वर होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेव. मॅगझिनच्या नळीतून स्पिरिटमध्ये भिजवलेली चिंधी फिरव, कोपरे जुन्या टूथब्रशने घास, फॉलोअरच्या कडाही. पहिली चिंधी कशी काळी निघते ते बघून तुझं तुलाच कळेल. मग पूर्ण कोरडं कर. आणि आत तेल अजिबात घालू नकोस. आपल्याकडे पावसाळ्यात गंजाच्या भीतीने लोक मॅगझिनमध्ये तेल सोडतात, आणि त्याच तेलावर सगळा चुरा येऊन बसतो. फार तर बाहेरून तेलाचं बोट फिरवून कोरड्या फडक्याने पुसून घे आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाक.

जोडल्यावर रिकामं मॅगझिन उभं धरून फॉलोअर बोटाने तळापर्यंत दाब आणि सोड. तो एका दमात खटकन वर आला पाहिजे. कुठे रेंगाळला, थांबला, तिरका झाला तर कारण तिथेच आहे. स्प्रिंग थकली असेल तर बदल. हाताने ताणून लांब करू नकोस. ताणलेली स्प्रिंग आठवडाभर चांगली वाटते आणि नेमकी मॅचच्या दिवशी पुन्हा बसते.

भरण्याची पद्धतही सांगतो, कारण माझ्या रेंजवरची निम्मी मुलं इथेच चुकतात. बाजूचं बटण पार खाली ओढून राउंड वरून सोडू नकोस. एका राउंडपुरतंच खाली घे आणि राउंड मागच्या भिंतीकडे सरकवत बसव. भरून झाल्यावर मॅगझिन उजेडात आडवं धर आणि बाजूच्या फटीतून रिमा बघ. प्रत्येक वरची रिम तिच्या खालच्या रिमेच्या पुढे हवी. एखादी मागे पडली तर वरचा राउंड पुढे सरकताना खालच्याला अडकणार म्हणजे अडकणार. हे बघायला पाच सेकंदसुद्धा लागत नाहीत.

आता लिप्सबद्दल, म्हणजे मॅगझिनच्या तोंडाशी राउंड धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या दोन कडांबद्दल, ज्यांची मला खरी धास्ती आहे. मॅगझिन अडकलं की आपल्याकडे पहिला हात पक्कडीकडे जातो. मी हे स्वतः भोगलंय. दोन वर्षांपूर्वी माझं दोन नंबरचं मॅगझिन सरावात सिमेंटच्या जमिनीवर तोंडावर पडलं. उचललं, पुसलं, वापरत राहिलो. पुढच्या आठवड्यापासून पहिलाच राउंड नाक वर करून चेंबरच्या वरच्या कडेवर आपटायला लागला. मी ते पडणं विसरूनच गेलो होतो. महिनाभर राउंडना दोष दिला, दुसऱ्या लॉटचे दोन खोके घेतले. मग कोचनी एका दुपारी तिन्ही मॅगझिन माझ्यासमोर टेबलावर मांडली आणि व्हर्निअर हातात दिला. लिप्समधलं अंतर मागे, मधे आणि पुढे, असं तीन ठिकाणी मोजायला लावलं. एक आणि तीन जवळजवळ सारखी. दोन नंबरचं पुढचं अंतर जास्त, आणि उजवा लिप डाव्यापेक्षा केसभर वर उचललेला. लिप उघडला की राउंड लवकर सुटतो आणि नाक वर करतो. उलट लिप्स पुढे आवळलेल्या असतील किंवा फॉलोअर पुढे झुकत असेल तर नाक खाली जातं आणि रॅम्पवर, चेंबरकडे चढणाऱ्या उतारावर, शिशाचा चकचकीत ओरखडा दिसतो. तो ओरखडा शोधायला शीक.

तेव्हा तुझं जे मॅगझिन कधीच अडकलं नाही, तेच तुझं माप. त्याची मापं वहीत लिही आणि बाकीची त्याच्याशी ताडून बघ. फरक दिसला तरच हात लाव, तोही गुळगुळीत जबड्याच्या पक्कडीला टेप गुंडाळून, अगदी जेमतेम. एकदा दाबायचं, मोजायचं, पन्नास राउंड मारायचे, मगच पुढचा विचार. पत्रा दोनतीनदा इकडेतिकडे वाकवला की थकतो. कानस तर अजिबात नको. कडेला खरखरीतपणा लागला तर दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर एकदा फिरव, बस.

पण लिप्सना हात लावण्याआधी खात्री कर की दोष मॅगझिनचाच आहे. तिन्ही मॅगझिनच्या तळाला नेलपॉलिशने 1, 2, 3 लिही. एकाच खोक्यातले राउंड घे आणि मॅगझिन आलटून पालटून मार. दोष एका नंबरच्या मागे फिरला तर मॅगझिन. तिन्हींत आला तर चेंबर आणि एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे उडालेल्या राउंडचं टरफल बाहेर ओढणारा आकडा, साफ कर, कारण पिस्तूल मळलं की बोल्टही पुरता मागे जात नाही आणि लक्षण अगदी तुझ्यासारखंच दिसतं. खोकं बदलल्यावर थांबला तर राउंड. रिकामी केस, म्हणजे ते टरफल, उभी अडकणं हे तर बहुतेक वेळा मॅगझिनचं नसतंच.

तू सेंटरफायरलाही, म्हणजे .32 पिस्तुलाच्या स्पर्धेलाही, उतरणार म्हणतोस, तर .32 च्या मॅगझिनला याहून दुप्पट जप. तो राउंड मुळात 1896 चा, रिव्हॉल्व्हरसाठी केलेला. वॅडकटर गोळी केसमध्ये तोंडापर्यंत बुडालेली, पुढे नाकच नाही. चेंबरची वाट दाखवायला तिच्याकडे काही नसतं, सगळी दिशा लिप्सनीच द्यायची.

तुला आठवतं, 2018 च्या आशियाई खेळांत आपल्या राही सरनोबतने 25 मीटर पिस्तूलचं सुवर्ण शूट-ऑफमध्ये, बरोबरी फोडताना, घेतलं, तेव्हा आपण दोघं फोनवर श्वास रोखून बसलो होतो? टार्गेट तीन सेकंद समोर, आणि फायनलमध्ये शॉटचे गुण 10.2 च्या खाली गेले की तो हिट धरतच नाहीत. मी तेव्हा तिच्या हाताकडे बघत होतो. आता ती फायनल आठवली की मनात येतं, त्या पिस्तुलातला एकेक राउंड किती निमूट वर येत होता. त्यामागे कुणीतरी बसून किती चिंध्या काळ्या केल्या असतील.

दोन नव्या स्प्रिंगा माझ्याकडे जास्तीच्या आहेत. आपली पिस्तुलं एकाच मॉडेलची, तेव्हा तुला चालतील. पुढच्या शनिवारी भाऊ कोल्हापूरला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. तोवर जुनीच ठेवून तिन्ही मॅगझिन साफ कर आणि प्रत्येकी पन्नास राउंड मारून वहीत लिही: मॅगझिन नंबर, कितवा राउंड, नाक वर की खाली की चेंबर रिकामं. स्प्रिंग बदलायच्या आधीची नोंद मला हवीच आहे. दोन्ही एकदम केलंस तर घाणीने अडकत होतं की स्प्रिंगने, ते कधीच कळणार नाही.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र

ता. क. जे मॅगझिन मनात शंका ठेवून वापरावं लागेल त्याला लाल टेप लाव आणि सरावाच्या पिशवीत टाक. मॅचच्या पेटीत दोनच असली तरी चालतील.