बातमी उशिरा पोहोचली नव्हती

संपादक महोदय,

अमेरिकेत गुलामी संपल्याची आठवण म्हणून १९ जूनला असणाऱ्या ‘जूनटीन्थ’च्या सुट्टीबद्दल आपल्या अंकात आलेलं टिपण वाचलं. गुलामी संपल्याची बातमी टेक्सासला अडीच वर्षं उशिरा पोहोचली, असं त्यात म्हटलं आहे. मी ह्यूस्टनमध्ये नर्स आहे. इथेही पुष्कळांच्या तोंडी हेच असतं. पण त्यामुळे दोष टपालावर जातो आणि मळेवाले मोकळे सुटतात, म्हणून हे पत्र.

बंडखोर दक्षिणी राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याचा राष्ट्राध्यक्ष लिंकनचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. टेक्सासच्या वर्तमानपत्रांत तो छापून आला होता, मालकांना सगळं ठाऊक होतं. यादवी युद्धात गुलामीसाठी लढणाऱ्या दक्षिणेविरुद्ध उतरलेलं उत्तरेचं सैन्य जवळ येऊ लागलं तसे लुइझियाना-मिसिसिपीतले कित्येक मालक आपले गुलाम हाकत टेक्सासमध्ये घेऊन आले, कारण ते सैन्य इथवर पोहोचलं नव्हतं. १९ जून १८६५ ला टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन शहरात उत्तरेच्या सैन्याच्या जनरल ग्रेंजरने गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम काढला, तेव्हा त्याच्या पाठीशी फौज होती. फरक पडला तो फौजेमुळे.

तो हुकूम मुळातून वाचावा. सगळे गुलाम मुक्त, व्यक्तीचे आणि मालमत्तेचे हक्क समान, हे आधी. लगेच पुढे, मुक्त झालेल्यांनी आहे तिथेच गुपचूप राहून मजुरी करावी, लष्करी ठाण्यांपाशी जमू नये, रिकामं बसणाऱ्याला पोसलं जाणार नाही. जन्मभर फुकट राबवलेल्या माणसांना आळसाची ताकीद! मला अजूनही वाचताना संताप येतो. अनेकांनी ती ताकीद जुमानली नाही. विकली गेलेली मुलं, नवरा, आई शोधायला ते पायी निघाले. मालकाला न विचारता आपल्या माणसांकडे जाता येणं, हे त्यांचं स्वातंत्र्य. १८६६ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने भटकेगिरीविरुद्ध कायदा करून नेमकी हीच वाट अडवली.

तरीही १८७२ मध्ये ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीयांनी, रेव्हरंड जॅक येट्स यांच्या पुढाकाराने, वर्गणी काढून दहा एकर जमीन विकत घेतली. हा दिवस साजरा करायला स्वतःची जागा हवी म्हणून! तेच आजचं इमॅन्सिपेशन पार्क. जूनमध्ये सहकारी मैत्रिणींबरोबर मी तिथे जाते. त्यांच्या घरातली म्हातारी माणसं ‘उशीर झाला’ म्हणत नाहीत, ‘आम्हाला अडकवून ठेवलं’ म्हणतात.

पुढच्या वर्षी या दिवसावर लिहाल तेव्हा अडकवून ठेवणाऱ्यांचा उल्लेख करा, आणि त्या वर्गणीलाही दोन ओळी द्या, ही विनंती.

– एक वाचक, ह्यूस्टन (टेक्सास)