गढूळ पाण्यातला प्रवाळ कशावर तगतो?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

‘गढूळ पाण्यातले प्रवाळ चिवट असतात, त्यामुळे किनाऱ्यालगत थोडा गाळ वाढला तरी बिघडत नाही’ असे हल्ली बरेचदा वाचनात येते. त्यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा मात्र त्यातून मुळीच निघत नाही.

प्रवाळाच्या ऊतींत राहणारे एकपेशीय शैवाल उन्हावर अन्न तयार करते आणि त्याचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. गढूळपणामुळे उजेड घटला की या पेशींतले हरितद्रव्य वाढते आणि प्रवाळाची वसाहत, म्हणजे एकत्र जोडून राहणाऱ्या चिमुकल्या प्रवाळ-प्राण्यांचा समूह, गडद तपकिरी दिसू लागते. टर्बिनारिया मेसेंटेरिना ही प्रवाळाची जात तर आपली ठेवणच बदलते. उथळ, लख्ख पाण्यात तिला उभ्या, दाट घड्या असतात. अंधुक पाण्यात तीच परातीसारखी सपाट पसरते, म्हणजे वरून येणारा उजेड जास्तीत जास्त अंगावर घेता येतो. पण परातीवर गाळही साचतो! तो चिकट स्राव आणि सूक्ष्म केसलांच्या (हलणाऱ्या केसांसारख्या तंतूंच्या) साहाय्याने सतत झटकावा लागतो, आणि मुळात तुटपुंजी असलेली ऊर्जा त्यातच खर्च होते.

सगळ्या जातींना हे सारखे जमत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गोनियास्ट्रिया रेटिफॉर्मिस या जातीने पाण्यातले कण खाऊन उजेडाची तूट भरून काढली. पोराइटीस सिलिंड्रिकाचा सांगाडा वाढत राहिला, पण सावलीत तिच्या ऊती झिजत गेल्या. बाहेरून पाहणाऱ्याला ती वाढतानाच दिसली असती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

सिंगापूरच्या समुद्रात १९६०च्या दशकात सुमारे १० मीटरपर्यंत दिसत असे, पुढे भराव आणि गाळउपशामुळे ही दृश्यता जेमतेम २ मीटरवर आली. तिथे आजही कठीण (चुनखडीचा सांगाडा बांधणाऱ्या) प्रवाळांच्या सुमारे २५० जातींची नोंद आहे, मात्र त्यांची वाढ मुख्यतः वरच्या काही मीटरांतच होते. गढूळपणा प्रखर उन्हापासून काहीसा आडोसा देतो हे मान्य, तरी २०१६च्या उष्णतेत तेथील प्रवाळही ऊतींतले शैवाल गमावून पांढरे पडलेच.

म्हणून एक विनंती आहे. किनारी कामांच्या बातम्यांत ‘प्रवाळ जिवंत आहेत’ एवढ्यावर न थांबता ते किती खोलीपर्यंत उरले आहेत आणि गाळाने माखलेल्या खडकावर त्यांची नवी पिले रुजत आहेत का, हेही आपल्या वार्ताहरांनी विचारावे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक