बुवा, तुम्ही आम्हाला खोटा दिलासा दिला नाहीत

आदरणीय बुवा,
रामकृष्णहरी.

आमच्या घराबद्दल त्या दिवसांत जे बोललं गेलं ते चारचौघांत बोललं गेलं. म्हणून तुमचे आभारही चारचौघांतच मानते आहे.

बाबांनी कालव्याच्या अस्तरीकरणाच्या मोजमाप पुस्तकावर सही केली नाही. न झालेलं काम झालं म्हणून लिहायचं नव्हतं, एवढंच. मग त्यांच्यावरच दुसऱ्या एका कामात गैरव्यवहाराचा ठपका आला आणि निलंबन झालं. निर्वाह भत्ता म्हणजे जवळपास निम्मा पगार. दादाचं इंजिनिअरिंग थांबलं, आईच्या पाटल्या गेल्या. पाहुणेरावळे म्हणायचे, यांना व्यवहार कळत नाही. नाहीतर म्हणायचे, मागच्या जन्मीचं भोगताहेत. हे दुसरं आईच्या फार जिव्हारी लागायचं. गळ्यात तुळशीची माळ घालणारी माझी आई रोज विचारायची, "आम्ही कुणाचं काय वाईट केलं?"

तुम्ही आलात तेव्हा तिने तुम्हालाही तेच विचारलं. देव परीक्षा बघतो, असं काहीतरी ऐकायला मिळणार असं मला वाटलं होतं. तुम्ही चोखोबांचं सांगितलंत. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चाललेलं असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. ज्या विठ्ठलासाठी झुरले, त्याच्या देवळात त्यांना जन्मभर पाऊल टाकू दिलं नव्हतं. "सांगा वहिनी, हे त्यांच्या कुठल्या पापाचं फळ? भिंत पडली तर ती कुणी कशी बांधली, तिच्याखाली कुणाला उभं केलं, ते विचारायचं." आणि विठ्ठलावर राग आला असेल तर खुशाल भांडा म्हणालात, जनाबाईही त्याला वाटेल ते बोलायची. आई त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

बाबांना मात्र तुम्ही सोपं सोडलं नाहीत, आणि मला वाटतं तुमचे खरे उपकार तेच. बाबांच्या सचोटीचा आम्हाला अभिमान होता, पण घरात ते कुणाशी बोलत नव्हते. तुम्ही तुकोबांचं काढलंत. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. एवढं झाल्यावर त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. पण फक्त स्वतःच्या वाट्याची. धाकट्या कान्होबाचा वाटा त्याच्या हाती दिला. "साहेब, तुमचं वागणं बरोबरच आहे. पण त्याची किंमत वहिनी आणि पोरंही देताहेत. त्यांना कधी विचारलंत?"

त्या रात्री बाबांनी पहिल्यांदा सगळी फाईल आमच्यापुढे ठेवली. सही करा, प्रकरण मिटवू, असा निरोप आल्याचंही तेव्हाच कळलं. आईने दोषारोपपत्र शेवटपर्यंत वाचलं. "करू नका सही," म्हणाली. एकट्या बाबांचा निर्णय त्या रात्री आमच्या सगळ्यांचा झाला. पुढची ओढाताण काही कमी नव्हती, पण ती कुणी आमच्यावर लादलेली नव्हती.

मग चौकशीच्या प्रत्येक तारखेला तुम्ही एसटीने बाबांबरोबर गेलात. निवृत्त मुख्याध्यापकाच्या वळणदार अक्षरात त्यांची उत्तरं लिहून दिलीत. दिंडीतल्या माणसांनी न सांगता घरात ज्वारी आणून टाकली, त्यामागेही तुम्हीच होतात हे फार उशिरा कळलं.

बाबा निर्दोष सुटले. बढती मात्र गेली ती गेलीच, आणि ज्यांनी खोटी मोजमापं लिहायला लावली त्यांचं काहीही वाकडं झालं नाही. हे मला आजही अन्यायाचं वाटतं, आणि आई अजूनही विठ्ठलाला त्याचा जाब विचारते. तिची वारी मात्र चुकलेली नाही. तुम्ही त्या दिवशी "सगळं ठीक होईल" म्हणाला असतात, तर यातलं काहीही ठीक न झाल्यावर तिची माळ टिकली असती का, मला सांगता येत नाही.

यंदा आषाढीला बाबाही येणार आहेत. गुडघ्यांमुळे सगळं चालणं जमणार नाही, वाखरीपासून तुमच्या दिंडीत येतील. त्यांना टाळ तुम्हीच द्या.

तुमची,
साहेबांची धाकटी लेक