सही घेतली म्हणजे सुरक्षा प्रशिक्षण झाले काय?

महोदय,

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना 4 मार्च 1966 रोजी झाली. त्या दिवसापासून सुरू होणाऱ्या सप्ताहात सांगली जिल्ह्यातील कुपवाड, मिरज आणि पलूसच्या औद्योगिक वसाहतींत दरवर्षी फलक लागतात, सामूहिक शपथ होते आणि घोषवाक्य स्पर्धेची बक्षिसे वाटली जातात. या कार्यक्रमांना माझा विरोध नाही. वर्षाच्या उरलेल्या काळात 'सुरक्षा प्रशिक्षण' या नावाखाली अनेक कारखान्यांत जे उरकले जाते, त्याबद्दल मात्र आपल्या दैनिकातून चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते.

नवा कामगार कामावर येतो, त्याचा गेटपास तयार होईपर्यंत त्याला टाइम ऑफिसमध्ये बसवून एक चित्रफीत दाखवली जाते, पुष्कळदा ती इंग्रजीत असते, आणि ती संपण्यापूर्वीच हजेरीपत्रक त्याच्यासमोर येते. फाउंड्रीत फेटलिंगवर, म्हणजे ओतलेल्या धातूच्या भागांच्या कडा साफ करण्यावर, काम करणारी निम्मी मुले आज बिहार, उत्तर प्रदेश किंवा ओडिशातून आलेली असतात. त्यांना धड मराठीही कळत नाही, तिथे इंग्रजीची काय कथा? तरीही सही होते, कागद फाइलमध्ये लागतो, आणि पुण्याच्या ग्राहक कंपनीचा ऑडिटर आला की हीच फाइल मोठ्या अभिमानाने त्याच्यापुढे ठेवली जाते. शिकवलेले कामगाराला करता येते का, हे कोणीच तपासत नाही.

अशा वरवरच्या शिकवणीने नुसता वेळच जातो असे नाही, कधी कधी ती उलट धोका वाढवते. 'हातमोजे वापरा' हा फलक प्रत्येक शॉपमध्ये, म्हणजे कार्यशाळेत, असतो. ओतलेले धातूचे भाग उचलताना तो सल्ला योग्यच आहे. पण ड्रिलिंग मशीनवर किंवा लेथवर सुती हातमोजे घालून उभा राहिलेला मुलगा फिरत्या टूलमध्ये मोज्यासकट बोटे गमावू शकतो. हा फरक फलक सांगत नाही, मशीनजवळ उभा राहून कोणीतरी सांगावा लागतो. धातू घासणाऱ्या ग्राइंडरचेही तसेच आहे. नवे चाक बसवण्यापूर्वी ते अधांतरी धरून स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचे असते; खणखणीत नाद आला तर चाक शाबूत, बद्द आवाज आला तर आत तडा गेलेला. त्यानंतर टूल-रेस्ट (घासायची वस्तू टेकवण्याचा आधार) आणि चाक यांतील फट 3 मिलिमीटरच्या आत आहे ना, हे पाहायचे. हे शिकवायला प्रोजेक्टर लागत नाही, एक जुना फिटर आणि अर्धा तास पुरतो. मात्र तो अर्धा तास उत्पादनातून वजा होतो, आणि घोडे तिथेच पेंड खाते.

आपल्या भागात साखर कारखाने, आसवन्या आणि त्यांचे सांडपाणी प्रकल्प मोठ्या संख्येने आहेत. गळीत हंगाम जवळ आला की बॉयलरचे अग्निप्रदीपन आणि गव्हाणीत मोळी टाकण्याचा समारंभ थाटात होतो; त्याच सुमारास टाक्या आणि खड्डे साफ करण्याच्या कामावर ठेकेदाराची माणसे उतरवली जातात. साठलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, परंतु प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला, असे आतल्या माणसाला वाटते. तो कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यामागून तिसरा. ज्यांना पहिला मृत्यू टाळता आला नाही, त्यांना निदान पुढचे दोन टाळता यावेत, एवढे तरी शिक्षण त्या खड्ड्याभोवतीच्या प्रत्येकाला हवे. वायुमापकाने तपासणी, लेखी परवाना, कमरेला पट्टा आणि दोरीचे टोक बाहेर उभ्या माणसाच्या हाती, ही पद्धत काही नवी नाही. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 36 मध्ये अशा जागांबाबतची खबरदारी नमूद होती.

नोव्हेंबर 2024 मध्ये कडेगाव तालुक्यातील शाळगाव एमआयडीसीत वायुगळती होऊन तीन जणांचा बळी गेला. त्या घटनेची कारणमीमांसा करण्याचा येथे हेतू नाही. मात्र गळती झाली तर वाऱ्याची दिशा पाहून कोणत्या बाजूला पळायचे, हे ऑपरेटरइतकेच पहारेकऱ्याला आणि झाडलोट करणाऱ्या बाईंनाही ठाऊक असले पाहिजे, आणि प्रशिक्षणाच्या यादीत नेमकी हीच नावे नसतात.

ही नावे वगळण्याला कायद्याचा आधार कधीच नव्हता. भोपाळ दुर्घटनेनंतर, 1987 च्या दुरुस्तीने, कामगारांना आवश्यक माहिती, शिकवण आणि प्रशिक्षण देण्याची जबाबदारी कारखाने अधिनियमाच्या कलम 7-अ अन्वये भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असणाऱ्यावर, आली, आणि कलम 111-अ ने प्रशिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क ठरला. या कायद्यातील 'कामगार' या संज्ञेत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही मोडत होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 ने घेतली. प्रशिक्षणाची मालकाची जबाबदारी तीतही कायम आहे. त्यामुळे 'तो आमचा नाही, ठेकेदाराचा आहे' हे उत्तर आता तरी ऐकू येऊ नये.

अर्थात लहान कारखानदाराची अडचण मलाही दिसते. पंधरा माणसांच्या शॉपला सुरक्षा अधिकारी ठेवणे परवडणारे नाही. पण एका वसाहतीतील दहा-वीस शॉप्सनी मिळून महिन्यातून एक दिवस जाणकार फिटर किंवा निवृत्त पर्यवेक्षक बोलावणे अशक्य नाही. उद्योजक संघटनांनी पुढाकार घेतल्यास ते सहज जमेल.

खरा अडसर मजुरीचा आहे. पीस-रेटवर, म्हणजे नगावर मजुरी घेऊन, काम करणाऱ्याच्या दृष्टीने प्रशिक्षणाचे दोन तास म्हणजे बुडालेली कमाई, त्यामुळे तो स्वतःच सही करून मोकळा होतो आणि ठेकेदारही त्याला अडवत नाही. म्हणून ठेक्याच्या करारातच प्रशिक्षणाच्या तासांची मजुरी वेगळी धरली जावी, आणि ती दिल्याची नोंद पगारपत्रकात दिसावी, अशी माझी सूचना आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनाही विनंती आहे की, तपासणीच्या वेळी रजिस्टर मागवण्याआधी त्यांनी शॉपमध्ये जाऊन कोणत्याही एका हंगामी किंवा कंत्राटी कामगाराला विचारावे, 'बेल्टमध्ये काही अडकले तर तू आधी काय करशील?' मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावीन आणि किल्ली माझ्या खिशात ठेवीन, असे उत्तर त्याच्या भाषेत आले, तर रजिस्टर सावकाश पाहिले तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त देखभाल पर्यवेक्षक,
कुपवाड, जि. सांगली