बिलात चार सिलिंडर, लॉगबुकात एक

इंदूर, १२ नोव्हेंबर २०२५

प्रति,
अकाउंटेबल मॅनेजर,
विमान देखभाल विभाग

विषय: आमच्या सेसना १७२ विमानाच्या वार्षिक तपासणीचे बिल आणि इंजिन लॉगबुकातील नोंद यांचा मेळ नसल्याबाबत

महोदय,

आपल्या हँगरमधून निघालेले आमचे विमान २९ ऑक्टोबरला सातपुडा आणि नर्मदा ओलांडून इंदूरला सुखरूप उतरले. ज्यांनी ते आणले ते आमचे सहमालक म्हणतात, इंजिन आता घड्याळासारखे चालते. म्हणजे आपल्या कारागिरांबद्दल आमची तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. तक्रार कागदांबद्दल आहे, आणि त्या कागदांपायी विमान दोन आठवडे जागेवर उभे आहे.

आम्ही सहा जण या विमानाचे सहमालक आहोत. हँगरभाडे, विमा आणि वार्षिक तपासणी सहा समान वाट्यांत; एव्हीगॅस (विमानाचे पेट्रोल) आणि ऑइल ज्याने जितके तास उडवले त्याप्रमाणे. शिवाय दर तासामागे १,५०० रुपये इंजिन निधीत जमा होतात. इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगने त्याला ओव्हरहॉलपर्यंत, म्हणजे ते पूर्ण उघडून नव्याने बांधेपर्यंत, २,००० तास दिलेले आहेत, तोवर ३० लाख हाताशी असावेत एवढाच साधा हिशेब. मी खजिनदार. बँकेत नोकरी झाल्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडले, आणि आपले बिल बाकी पाच जणांना समजावून सांगणेही माझ्याच नशिबी आले. मला ते जमले नाही.

विमान आपल्याकडे पाठवण्याआधी इथे कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवेचा किती दाब धरून ठेवतो ते, तपासले होते. ८० च्या दाबाला पहिला सिलिंडर ७६, दुसरा ७४, चौथा ७५ आणि तिसरा अवघा ४८. म्हणून आपण दिलेल्या ३,१०,००० रुपयांच्या अंदाजपत्रकात तपासणीबरोबर फक्त तिसऱ्या सिलिंडरचे काम धरले होते, ७८,००० रुपये. ते मंजूर करताना मी ईमेलमध्ये स्पष्ट लिहिले होते की खर्च २५,००० रुपयांहून जास्त वाढणार असेल तर काम सुरू करण्याआधी आमची लेखी संमती घ्यावी. आपले 'ठीक आहे' असे उत्तरही आले होते. त्यानंतर एकही फोन आला नाही. आले ते थेट ६,८४,००० रुपयांचे बिल, वर जीएसटी. त्यात एक ओळ अशी: 'सिलिंडर दुरुस्ती, ४ नग, ३,१२,०००'.

इंजिन लॉगबुकात मात्र आपल्याच एएमईंच्या (विमान देखभाल अभियंत्यांच्या) सहीने एकच सिलिंडर काढून बसवल्याची नोंद आहे, तिसरा.

मग इथल्या परवानाधारक एएमईंना बोलावून आम्ही काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, उघडले. तिसरा सिलिंडर, म्हणजे उजवीकडचा मागचा. त्याच्या बुडाशी असलेले नट नव्या भांड्यासारखे चकचकीत, त्यांच्यावर नट आवळल्यावर ओढतात त्या खुणेच्या रंगाची ताजी रेघ. बाकी तिघांच्या नटांवर जुन्या तेलाची आणि धुळीची काळी साय जशीच्या तशी. रंगाची जुनी रेघ कुठे तुटलेलीसुद्धा नाही. एएमईंनी फक्त माझ्याकडे पाहिले. ते फोटो सोबत जोडले आहेत.

आता गोष्ट दोहोंपैकी एकच असू शकते. तीन सिलिंडर उघडलेच नसतील, तर २,३४,००० रुपये चुकून लावले गेले. आणि उघडले असतील, तर लॉगबुकात त्यांची नोंद नाही. मग आपण दिलेले सर्टिफिकेट ऑफ रिलीज टू सर्व्हिस (देखभालीनंतर विमान उडवण्यास योग्य असल्याचा दाखला) अपुरे आहे आणि आमचे विमान उडवण्याच्या लायकीचे नाही. उद्या काही झालेच, तर विमा कंपनी बिल मागणार नाही, लॉगबुक मागेल. विमान उभे ठेवले आहे ते यासाठी. पैसे अडकवायचे म्हणून नव्हे.

उरलेल्या १,४०,००० रुपयांच्या वाढीपुढे 'इतर' एवढा एकच शब्द आहे. आपल्या लेखा विभागातून फोनवर उत्तर मिळाले, 'साहेब, विमान म्हटलं की एवढं होतंच.' होत असेलही. पण सहा घरांतून पैसे गोळा करताना 'इतर' सांगून भागत नाही.

जीएसटीही संपूर्ण रकमेवर १८ टक्क्यांनी लावला आहे, १,२३,१२० रुपये. विमानांच्या देखभाल-दुरुस्तीवरचा हा दर १ एप्रिल २०२० पासून ५ टक्के झाला आहे. आम्ही खासगी माणसे, आम्हाला इनपुट क्रेडिट नाही. जे भरू ते खिशातूनच जाणार. हा दर आपल्यासारख्या कंपनीला मी सांगावा, याचे थोडे नवल वाटले.

सगळ्यात जास्त खुपले ते मात्र बिलात नाहीच. आजवर आमच्या इंजिन लॉगबुकात टॅकोमीटरचे (इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या मीटरचे) तास चढत आले आहेत. आपल्या माणसाने यावेळी हॉब्स मीटरचा आकडा उतरवला. आमचा हॉब्स इंजिनात तेलाचा दाब आला की धावू लागतो, मग विमान टॅक्सीवेवर परवानगीची वाट बघत का उभे असेना. टॅकोमीटर कमी फेऱ्यांवर सावकाश चालतो. या एका ओळीने आमचे इंजिन एका रात्रीत ११८ तासांनी म्हातारे झाले. निधीच्या हिशेबाने ते १,७७,००० रुपये होतात, आणि ओव्हरहॉल तितका अलीकडे येतो तो वेगळाच.

तेव्हा विनंती अशी की बिल कामवार फोड करून, ५ टक्के दराने नव्याने द्यावे. लॉगबुकातील तासांची नोंद ज्यांनी केली त्यांनीच दुरुस्त करावी. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर लावू नये. त्यासाठी लॉगबुक कुरियरने पाठवणार नाही, आमच्यापैकी कोणीतरी स्वतः घेऊन येईल. बाकीच्या तिन्ही सिलिंडरांबद्दल लेखी खुलासा हवा. बसवलेल्या सिलिंडरचा ८१३०-३ फॉर्म (सुटा भाग वापरण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र) आणि काढलेला जुना सिलिंडर, दोन्ही अद्याप आलेले नाहीत. सिलिंडर भंगारात गेला असेल तर तसे लिहून द्यावे.

मंजूर अंदाजपत्रकाचे ३,१०,००० आणि त्यावर ५ टक्के, असे ३,२५,५०० रुपये होतात. पैकी २,००,००० आगाऊ दिलेलेच होते. उरलेले १,२५,५०० आज आपल्या खात्यात जमा केले आहेत. देणे बुडवणाऱ्यांतले आम्ही नाही.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास नोंदींचा विषय डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) नेणे आम्हाला भाग पडेल. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे त्यासाठी आम्हाला इंदूर सोडावे लागणार नाही. पण तिथवर जाण्याची हौस आमच्यापैकी कोणालाच नाही. थंडीतली स्वच्छ सकाळ आहे, धावपट्टी समोर आहे आणि विमान झाकून ठेवले आहे.

आपला,
खजिनदार
(सहा सहमालकांच्या वतीने)

सोबत: मंजूर अंदाजपत्रक व ईमेलची प्रत, बिल, लॉगबुकाच्या दोन पानांच्या छायाप्रती, फोटो ७, रक्कम जमा केल्याची पावती